एक कोर, अर्धा जीबी

सावद्याला स्टेशनरोडवर, केळीच्या वखारीमागे,
जिथं पूर्वी कार्बाइडच्या पुड्या ठेवत
त्या खोलीत आमचा सर्व्हर आहे.
दाराला वाळ्याचा पडदा. वर एसी.
इन्व्हर्टर सर्व्हरला आहे, एसीला नाही,
म्हणजे लाईट गेली की तो जिवंत राहतो
आणि उकडून निघतो.
दसऱ्याला त्याला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं.
कुंकू मागच्या पंख्यात गेलं, ते मी ब्रशने काढलं,
देवाचं म्हणून टाकलं नाही, डबीत ठेवलं.

दिवाळीनंतर डिस्क कुरकुरू लागली.
डोंगरशेठ म्हणाले, हर्षाली, नवा घे. मोठा घे.
पुन्हा पाहायला नको असा.

मोठा म्हणजे किती?
रमजानात आमच्याकडे दिवसाला सत्तर ट्रक भरतात,
श्रावणात पंचावन्न,
आणि पडत्या भावाच्या आठवड्यांत सात-आठ;
ड्रायव्हर वजनकाट्यापाशी पत्ते कुटत बसतात.
रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो,
श्रावण अधिकमास आला की पुढं जातो.
कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं,
मॅडम, पीक लोड कधी असतो?
शेठ मागून म्हणाले, पीक तं बाराही महिने हाये.
मी म्हटलं, चंद्र बघून सांगते.
तो हसला. मी खरंच कालनिर्णय उलगडून बसले होते.

सत्तर ट्रकांचा घेतला तर उरलेलं वर्षभर
रिकाम्या गाडीसारखा डिझेल खाणार.
आठांचा घेतला तर चाँदरातीला बिलं अडकणार,
आणि केळ थांबत नाही.
केळ कुणासाठीच थांबत नाही.

शेठना मी समाजाच्या भांड्यांवरून सांगितलं.
लग्नाला आपण मोठी पातेली समाजाची आणतो,
मोजून आणतो, घासून मोजून परत देतो,
तेवढ्याच दिवसांचं भाडं.
"आन् द्यायचं इसरलो तं?"
तर मीटर पळत राहणार.
"मंग ते पातेलं राह्यतं कोठी?"
मुंबईला. थोडं हैदराबादला.
शेठनी खिडकीतून रुळांकडे पाहिलं बराच वेळ.
"मले हात लावता येईन असं कायी ठेव इथं."

मग मधला घेतला, सोळा कोरांचा.
एका पेटीत सहा यंत्रं, भिंती नुसत्या मानायच्या.
एकात बिलं, एकात काटा, एकात हजेरी...
कुणालाच वाटत नाही की आपण शेजाऱ्याच्या ताटात जेवतोय.
हजेरीला मी आठ जीबी दिले होते. ती दोन खाते.
उरलेले काट्याला वाढले,
आणि त्यासाठी खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही,
याचं मला अजून अप्रूप आहे.

राहिला मुनीमकाकांचा कॉम्प्युटर.
पुंडलिक भंगाळे. जाऊन सहा वर्षं झाली.
काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं,
कटाईवाल्यांच्या उचलीचा प्रोग्राम, त्यांनी स्वतः लिहिलेला.
बाकी शून्य झाली की तो म्हणतो:
मोकळा झाला. चहा पाजा.
आता कुणी उघडत नाही.
सल्ल्याच्या कागदावर लिहून आलं होतं, बंद करा, जागा वाचेल.
किती वाचेल?
एक कोर. अर्धा जीबी.

मी त्याची जशीच्या तशी नक्कल उतरवली
आणि पेटीत सातवी म्हणून ठेवली.
त्याला कळलंच नाही घर बदलल्याचं.
तारीख विचारली, एंटर मागितला,
तोच ठोकळा लुकलुकला.

शेठ येऊन उभे राहिले. पेटीवर तळहात टेकवला,
पिकत घातलेल्या केळीची ऊब बघतात तसा.
"ह्याच्यात पुंडलिकचा कोन्ता?"
सगळीकडे थोडा थोडा, मी म्हटलं.
ते काही बोलले नाहीत. हातही काढला नाही.

चाँद दिसायला अजून बारा दिवस आहेत.
भाड्याची यंत्रं ठरलीत: चार, संध्याकाळी सहानंतर.
बंद करायची तारीख दारावर खडूने लिहिलीय,
मोठ्या अक्षरात,
लाईट गेली तरी दिसेल अशी.